मदत हवी आहे: यादवी युद्धातल्या सैनिकाच्या कुटुंबाचा माग कसा काढावा?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या एका शहराच्या पहिल्या रहिवाशांपैकी एकाचं छोटं चरित्र लिहितोय. हे गृहस्थ यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेच्या बाजूने लढले, नंतर इथे येऊन वसले. लढाईतली कामगिरी बऱ्यापैकी सापडली. अडलंय ते घरच्यांपाशी, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे.

१८८० च्या जनगणनेत बायको-मुलं दिसतात, मग थेट १९००. मधली १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ सगळीच गेली. याच काळात मुली लग्न होऊन गेल्या असणार, आडनावं बदलली, माग तुटला. १९०० च्या नोंदीत आईला किती मुलं झाली आणि किती हयात आहेत, हे दोन आकडे आहेत. त्यांतला फरक बघून वाईट वाटलं. ती गेलेली मुलं निदान नावानिशी लिहावीत, अशी फार इच्छा आहे.

विधवा-पेन्शनच्या फाइलीत लग्नाचे पुरावे, मुलांच्या जन्मतारखा असतात म्हणे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून अशी पूर्ण फाइल कुणी मागवली आहे का? अर्जात नेमकं काय लिहावं? आणि लग्न झालेल्या मुली शोधायला चर्चची दप्तरं आधी बघावीत की जुन्या वर्तमानपत्रांतल्या मृत्युवार्ता?