मदत हवी आहे: रायझन ५ २६०० आहे, फक्त प्रोसेसर बदलू की सगळंच?

भांडुपचा_एडिटर
नमस्कार मंडळी. जरा लवकर सांगा, शनिवारी पार्ट घ्यायला लॅमिंग्टन रोडला जायचंय. पीसी २०१९ मध्ये असेंबल केलेला, रायझन ५ २६००. प्रीमिअर या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन (क्लिपा लावलेली पट्टी) दोन सेकंद चालते नि अडकते. एका दुकानात सांगितलं, बोर्ड, रॅम, प्रोसेसर सगळं बदला. तेवढे पैसे आत्ता नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर नवी कामं येतील, त्याआधी मागच्या तीन लग्नांचे व्हिडिओ द्यायचेत. आत्ताच्या एएम४ सॉकेटवरच (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) ५७००एक्स प्रोसेसर टाकू की नव्या एएम५ सॉकेटचं सगळं घेऊ?

रात्रपाळी
मदरबोर्ड कोणता? रॅम किती, किती स्टिक? ग्राफिक कार्ड? फुटेज कुठल्या कॅमेऱ्याचं? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

ठाण्याचा_जुना_गडी
एएम४ २०१७ चं आहे, त्यात आता एक रुपया घालू नका. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुमच्या प्रोसेसरवर ११ चालत नाही. सरळ एएम५ घ्या.

रात्रपाळी
काका, असं सांगून कुणाला खर्चात पाडू नका. ११ च्या यादीत रायझनची पहिली पिढी, म्हणजे १६०० वगैरे नाही. २६०० आहे. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) टीपीएम ही सुरक्षेची सोय चालू करायची एवढंच. आणि एएम५ ला फक्त डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅम चालते, म्हणजे जुनी रॅम पूर्ण वाया. डीडीआर५ चे भाव २०२५ च्या शेवटी कसे चढले ते पाहिलंत ना?

ठाण्याचा_जुना_गडी
११ बद्दल माझं चुकलं, मान्य. पण एएम४ ला यापुढे वरची पायरी नाही. आज एएम५ घेतलं तर पुढच्या वेळी नुसता प्रोसेसर बदलून भागेल. मी तरी तेच करीन.

गिरगावकरीण
दादा, मी मॅक मिनी घेतला आणि सुटले. आवाज नाही, पावसाळ्यात कॅबिनेट उघडून धूळ काढायची कटकट नाही. जागाही वाचते, आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तेच महत्त्वाचं.

चाळ_क्रमांक_९
हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, फरक पडेल.

भांडुपचा_एडिटर
एसएसडी आहेच, मॅक नको. बोर्ड बी४५०, रॅम ८ च्या दोन म्हणजे १६, कार्ड जीटीएक्स १६५०. कॅमेरा मित्राचा आहे, फोरके शूट करतो.

रात्रपाळी
फोरके कळलं, पण कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) कुठला? एक क्लिप मीडियाइन्फो सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. आणि टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा स्पीड किती दिसतो?

भांडुपचा_एडिटर
एच.२६५, १० बिट, ४:२:२. रॅम २१३३ दाखवतेय. पाकिटावर तर ३२०० होतं.

रात्रपाळी
मग दुखणं सापडलं. एच.२६५ चं ४:२:२ (रंगाची जास्त माहिती साठवणारा प्रकार) तुमचं १६५० कार्ड डिकोड करत नाही, म्हणजे उलगडत नाही, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर येतो. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या इनबिल्ट ग्राफिक्सला ते जमतं (नावात एफ असलेले प्रोसेसर सोडून, त्यांत ग्राफिक्सच चालत नाही), आरटीएक्स ५० मालिकेच्या कार्डांना जमतं. ५७००एक्सला स्वतःचं ग्राफिक्सच नाही. सहाचे आठ कोर होतील, प्रत्येक कोरही बराच वेगवान, पण टाइमलाइनचा त्रास पुरता जाणार नाही.

आज रात्री फुकटात एवढं करा: बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला पाकिटावरचा स्पीड देणारं सेटिंग) चालू करा, म्हणजे रॅम ३२०० ला येईल. मग सगळ्या फुटेजचे प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या कॉपी) बनवायला लावून झोपा. ती तीन लग्नं त्यावरच निघतील.

गिरगावकरीण
मॅकवर हे फुटेज प्रॉक्सीशिवाय चालतं, म्हणून सांगत होते.

ठाण्याचा_जुना_गडी
प्रॉक्सी म्हणजे दुखण्यावर पट्टी. माणूस कामासाठी विचारतोय, रोज रात्री पीसी जळत ठेवायचा का?

रात्रपाळी
काका, हातात काम असताना अख्खं मशीन खोलून नव्याने बसवणं जास्त धोक्याचं. माझे स्वतःचे दोन दिवस ड्रायव्हरमध्ये गेले होते, गिऱ्हाईक रोज फोन करत होतं. तो ताण याला नको.

भांडुपचा_एडिटर
रात्री दोन लग्नांचे प्रॉक्सी झाले. टाइमलाइन पळतेय! तुमचे उपकार. एक्सपोर्ट मात्र अजून सावकाश आहे. इफेक्ट्स आणि आवाज साफ करणं माझ्याकडे खूप असतं, तिथे प्रोसेसर १०० टक्के जातो. मग ५७००एक्स घेऊ?

रात्रपाळी
आता घ्या, आता कारण आहे. पण आधी जुन्या प्रोसेसरवरच बायोस अपडेट करा, नाहीतर नवा बसवल्यावर स्क्रीनच येणार नाही. तेव्हा पीसी यूपीएसवर ठेवा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा, प्रोसेसर बदलला की ती मागू शकतो. ५७००एक्सच्या बॉक्समध्ये कूलर येत नाही, जुना बसेल, पण तासतासभराच्या एक्सपोर्टला मोठा टॉवर कूलर बरा.

चाळ_क्रमांक_९
आणि कूलर सरळ वर ओढू नका. एएम४ ला पिना प्रोसेसरला असतात, कूलर नि प्रोसेसरमधली पेस्ट सुकलेली असली की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. माझ्या चार पिना वाकल्या होत्या. आधी पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

भांडुपचा_एडिटर
बायोस २०१९ चंच निघालं. एकदम शेवटच्या आवृत्तीवर जाऊ, की मधली आधी टाकावी लागते?

रात्रपाळी
बोर्डाचं पूर्ण मॉडेल लिहा. बी४५० नुसतं चिपसेटचं नाव झालं.