जीवघेण्या रिअ‍ॅलिटी शोवरचे सिनेमे: टोचतात की चटक लावतात?

घाटंजीकर
दिवाळीत गावच्या पोरांनी समाजमंदिराच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून १९८७ चा 'द रनिंग मॅन' दाखवला, हिंदीत डब केलेला. पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: टीव्हीवरचा एक खेळ, कैद्यांना पळायला सोडतात, मागे शिकारी, आणि लोक कोण मरणार यावर पैजा लावतात. टीका या टीव्हीवरच आहे. पण करवतवाला शिकारी त्याच्याच करवतीनं कापला गेला तेव्हा आमच्या पोरांनी शिट्ट्यांनी मंदिर डोक्यावर घेतलं. पडद्यावर स्टुडिओतलं पब्लिक ओरडत होतं, खाली आमचं. शेजारी बसलेल्या मोठी मायनं विचारलं, "बापू, हे टाळ्या वाजवनारे कोन्त्या गावचे गा?" मला काही बोलताच आलं नाही.

माझं स्पष्ट मत झालंय, रक्त दाखवून रक्ताची चटक सुटत नाही. 'स्क्विड गेम' पाहा. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर कर्जात बुडालेल्या माणसांच्या जीवघेण्या खेळाची ती मालिका आली आणि २०२३ मध्ये त्याच कंपनीनं ४५६ खरेखुरे स्पर्धक घेऊन तोच खेळ भरवला, बक्षीस ४५.६ लाख डॉलर. बाद झाला की छातीवर काळ्या शाईची पिशवी फुटायची आणि माणूस मेल्यासारखा पडायचा. ज्या गोष्टीवर टीका केली तीच विकायला काढली.

वणीकर
दादा, अजिबात पटलं नाही. त्या सिनेमाचा जीव करवतीत नाही, सुरुवातीला आहे. नायक हेलिकॉप्टरचा पायलट, भुकेल्या जमावावर गोळ्या झाडायला नकार देतो. नंतर चॅनल तीच चित्रफीत कापून-जोडून त्यालाच खाटीक ठरवतं. हे १९८७ साली सांगितलं! आज आपल्या तालुक्यात अर्धवट कापलेल्या व्हिडिओवरून भांडणं पेटतात. आणि त्यातला सूत्रसंचालक झालेला रिचर्ड डॉसन खऱ्या आयुष्यातही टीव्हीवरच्या गेम शोचाच सूत्रसंचालक होता, म्हणून तर त्याचं हसू अंगावर येतं. पोरांशी यातलं काही बोललात का?

रक्ताचंच म्हणाल तर २००१ चा 'सिरीज ७: द कंटेंडर्स' बघा. अख्खा सिनेमा म्हणजे त्या शोचेच भाग. लॉटरीत नाव निघालेली साधी माणसं एकमेकांना मारतात, आणि आधीची विजेती आठ महिन्यांची गरोदर आहे. शिट्टी मारायला जागाच ठेवलेली नाही.

वरूडवाला
राजेहो, अमेरिकेत कायले जाता? आमच्या जवळ पांढुर्ना हाये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत गोटमार होते. मधात पयसाचं झाड गाडतेत, इकून पांढुर्नावाले, तिकून सावरगाववाले, गोट्यावर गोटे. दरसाल शेकड्यानं लोकं जखमी होतेत, मेले बी हायेत. थे कोनता सिनेमा पाहून शिकले? टीव्ही नोता तवापासून चालू हाये. लहानपनी काकाच्या खांद्यावर बसून म्या पायलं. एका पोराचं डोक्सं फुटलं, त लोकं "लागला, लागला" म्हनून नाचले. म्या बी टाळ्या वाजवल्या. आता थे आठवलं का पोटात गोया येते. चटक आंधीपासूनच असते. सिनेमानं दाखवली त उपकारच झाले.

दारव्ह्याची लेक
माझे बाबा २००६ मध्ये गेले. कर्ज होतं, आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लाल्या रोगानं गेलेली. तिसऱ्या दिवशी एका चॅनलची गाडी दारात आली. आईचं रडून झालं होतं, डोळे कोरडे. कॅमेरावाला म्हणाला, "काकू, पदर डोळ्याला लावून एकदा आतून बाहेर या." ती आली. नीट आलं नाही म्हणून परत पाठवली, परत आली. मी अकरावीत होते, उंबऱ्याशी उभी. पुढे आमचं सरकारी मदतीचं प्रकरण 'अपात्र' ठरलं, कारण सातबारा आजोबांच्या नावावर.

२०१० मध्ये 'पीपली लाइव्ह' पाहिला. एक लाखाच्या मदतीसाठी नत्था जीव देणार अशी बातमी होते आणि त्याच्या दारात चॅनलांची जत्रा भरते. थिएटर हसत होतं, मला राग येत होता. मग तो रिपोर्टर आला, नत्था शौचाला बसला ती जागा कॅमेऱ्यावर दाखवून त्याच्या मनःस्थितीवर बोलणारा. सगळे हसले आणि मला आईचा पदर आठवला. चार वर्षं मी मनात आईवर रागावून होते, की ती खोटं रडली. त्या दिवशी कळलं, लाज आमची नव्हती. घरी जाऊन तिच्याजवळ बसले, बोलले काहीच नाही. हे काम सिनेमानं केलं, दुसऱ्या कोणी केलं नव्हतं.

घाटंजीकर
ताई, वाचून हात थांबला. पण माझं म्हणणं तुम्हीच सिद्ध केलं. त्यात करवत नाही, गोळी नाही, म्हणून तुम्हाला विचार करायला उसंत मिळाली. वणीकर, गरोदर बाईचा सिनेमा आमच्या गावात कोण लावेल? जो लागतो तो करवतवालाच.

दारव्ह्याची लेक
दादा, मरण त्यातही आहे. होरी महतो नावाचा म्हातारा दिवसभर माती खोदतो, विकतो, आणि एक दिवस त्याच खड्ड्यात मेलेला सापडतो. तेव्हा सगळे कॅमेरे नत्थाच्या दारात. आमच्या थिएटरातही त्या वेळी कोणी हसलं नाही. पुढच्या वेळी भिंतीवर हा लावा, मोठी मायला समोर बसवा, आणि त्या काय विचारतात ते इथे लिहा. मी वाट पाहीन.