ला होयाची छोट्या इलेक्ट्रिक गाडीतली गाइडेड टूर: आईबाबांना घेऊन जावी का?

चहाबिस्कीट

नमस्कार मंडळी, आईबाबा सांगलीहून आलेत सहा महिन्यांसाठी, आम्ही कॅलिफोर्नियात अर्वाइनला राहतो. जूनमध्ये एक वीकएंड सॅन डिएगोला जायचं चाललंय. तिथे ला होयाला समुद्राच्या कडेकडेने त्या छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांची टूर असते म्हणे, पुढे गाइडची गाडी आणि मागे आपण आपली चालवत जायचं, तो वॉकीटॉकीवर माहिती सांगत राहतो. कोणी केलीये का?

खरी गोम अशी की बाबा एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर होईपर्यंत आंबा घाट रोजचा. इथे आल्यापासून पॅसेंजर सीटवर बसून बसून वैतागलेत, मी ब्रेक मारला की त्यांचा पाय पण खाली दाबला जातो, नवरा लेन बदलायला लागला की "मागनं येतोय बघ". फ्रीवेवर त्यांच्या हातात गाडी द्यायची माझी हिंमत नाही पण ही हळू चालणारी गाडी आहे तर देता येईल का असं मनात आलं. लायसन भारतातलं आहे, व्हॅलिड आहे. चालेल का?

दुसरं, आईचे गुडघे. दहा मिनिटं सपाटीवर चालते, जिने नाही. आणि सोबत माझा पाच वर्षांचा मुलगा. पैसे जातात त्या मानाने मजा येते का नुसतं फोटो काढण्यापुरतं आहे? आपली कार घेऊन फिरलो तर तेच दिसेल ना?

खाडीपलीकडे

आम्ही सॅन डिएगोत बरीच वर्षं आहोत, पाहुणे आले की ला होया ठरलेलंच. तर आधी हे, की आपली कार घेऊन "तेच दिसेल" हे अर्धंच खरं आहे. दिसेल, पण पार्किंग शोधताना दिसेल. कोव्हच्या, म्हणजे तिथल्या छोट्या खाडीच्या, आसपास शनिवारी रविवारी तुम्ही तीन चकरा मारणार, आई म्हणणार मला इथेच सोड, मग तुम्ही लांब कुठेतरी गाडी लावून चालत येणार आणि तोवर मुलाला शू लागलेली असणार. टूरमध्ये हा ताप वाचतो, गाइडला कुठे थांबायचं ते माहीत असतं.

कोव्ह ते चिल्ड्रन्स पूल एवढा पट्टा जेमतेम अर्ध्या-पाऊण मैलाचा आहे पण खरी गंमत सगळी तिथेच. चिल्ड्रन्स पूल म्हणजे 1931 साली एलेन ब्राउनिंग स्क्रिप्स नावाच्या बाईंनी स्वतःच्या पैशांनी समुद्रात भिंत घालून लहान मुलांना पोहायला शांत पाणी करून दिलं होतं. पुढे झालं काय की ती शांत जागा सीलना आवडली आणि त्यांनी मुक्कामच ठोकला. मग मुलांचा का सीलचा यावरून वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या. आता 15 डिसेंबर ते 15 मे पिल्लांचा सीझन म्हणून तिथली वाळू माणसांना बंद असते. तुम्ही जूनमध्ये येताय तर उघडी असेल, पण आईंना खाली उतरायची गरज नाही, वर कठड्यावरून सगळं दिसतं.

आणि मुलाला आधीच सांगून ठेवा, सील वेगळे आणि सी लायन वेगळे. कोव्हच्या बाजूला खडकांवर भांडत ओरडत असतात ते सी लायन, त्यांना बाहेर छोटे कान असतात आणि पुढच्या वल्ह्यांवर उठून चालतात. सील नुसते पोटावर सरपटतात, पोतं घसरल्यासारखे. सी लायनची पिल्लं जूनच्या सुमारासच होतात, खडकांवर जायला बंदी असते ती पाळा, लोक सेल्फीसाठी पार नाकाला नाक लावायला जातात ते बघून राग येतो.

वासाचं कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. कोव्हला उतरलात की बोंबील वाळत घातलेल्या वाडीत आल्यासारखं वाटेल, फक्त दसपट. सी लायन आणि पाणकावळ्यांची शी. दोन मिनिटांत नाकाला सवय होते पण जेवून लगेच जाऊ नका.

उगाच_भटकणारा

माझं मत विरुद्ध आहे, राग मानू नका. मी एवढे पैसे दिले नसते. कोस्ट बुलेव्हार्डवर फुटपाथ मस्त आहे, बाकं आहेत, हिरवळीवर आईंना बसवा, डबा उघडा, समोर समुद्र. फुकट. गाडीत बसून त्या चिमुकल्या काचेतून बघण्यात काय अर्थ? गाइडचं अर्धं लक्ष मागचे सगळे येतायत का याकडे आणि तुमचं अर्धं लक्ष गाइडच्या गाडीकडे, समुद्राकडे बघतंय कोण?

हां, माउंट सोलेदादवर मात्र चालत जाता येणार नाही. आठशे फुटांच्या वर आहे आणि वरून एका बाजूला पूर्ण किनारा, दुसऱ्या बाजूला डाउनटाउन आणि हवा स्वच्छ असेल तर मेक्सिकोचे डोंगर. पण तिथे स्वतःच्या कारने जा की, वर पार्किंग आहे.

सनी जिम केव्हमध्ये जायचा मोह टाळा, दुकानाच्या आतून बोगदा आहे आणि 145 पायऱ्या. उतरताना काही वाटत नाही, येताना आईंना उचलून आणावं लागेल.

दोन_डोसे_जास्त

मी केलीये, गेल्या वर्षी, सासूसासऱ्यांबरोबर. जरा लांब लिहितो.

लायसन: कॅलिफोर्नियात फिरायला आलेल्या माणसाला आपल्या देशाच्या व्हॅलिड लायसनवर चालवता येतं, इथलं काढायची गरज नाही. पण कायदा वेगळा आणि कंपनीचा इन्शुरन्स वेगळा. फोन करून स्पष्ट विचारा की भारतीय लायसनवर ड्रायव्हर म्हणून नाव घालता का, आणि उत्तर ईमेलवर घ्या. आम्हाला फोनवर हो म्हणाले आणि तिथे काउंटरवरच्या पोराने आंतरराष्ट्रीय परमिट मागितलं, शेवटी मीच चालवली आणि सासरे दीड तास तोंड पाडून मागे. कंपनीचं नाव घेत नाही, मॅनेजर बदलला असेल तर उगाच कशाला. शिवाय डिपॉझिट म्हणून कार्डावर रक्कम अडकवली होती ती सुटायला आठवडा गेला.

गाडी कशी असते: आपल्याकडे गोल्फ कार्ट आणि टमटम यांचं पोर म्हणा. ह्यांना लो स्पीड व्हेइकल म्हणतात, जास्तीत जास्त ताशी 25 मैल म्हणजे आपले 40 किलोमीटर, आणि 35 मैलांपेक्षा जास्त लिमिट असलेल्या रस्त्यावर नेता येत नाहीत. म्हणून टूर गावातल्या आतल्या रस्त्यांवरूनच फिरते. वर उत्तरेला टोरी पाइन्सकडे जाणारा मोठा रस्ता ह्यांच्यासाठी नाही, त्यामुळे सॉल्क इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था बघायची असेल तर वेगळी वेळ काढा. ती आर्किटेक्ट लुई कानची बिल्डिंग, ज्याने अहमदाबादचं आयआयएम केलं तोच. दोन्ही पाहिलेल्या माणसाला तिथे उभं राहून फार भारी वाटतं, पण ते माझं वेड, सोडा.

आता बाबांसाठी महत्त्वाचं. गिअर नाही, क्लच नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटरच डायनॅमोसारखी चालायला लागते, बॅटरी थोडी भरते आणि गाडी कोणीतरी मागून धरल्यासारखी हळू होते. घाटात सेकंड गिअरमध्ये उतरण्याची सवय असलेल्या माणसाला हे लगेच जमेल. जमणार नाही ते दुसरंच: स्टिअरिंग डावीकडे, चालायचं उजवीकडून, आणि इंडिकेटरचा दांडा डाव्या हाताला. पहिल्या तीन वळणांना वायपर सुरू होणार, पैज लावा.

आवाज जवळजवळ नसतो, त्यामुळे माणसं बिनधास्त समोर येतात. हे बाबांना नक्की सांगा, हॉर्न मारायची सवय इथे चालत नाही.

चहाबिस्कीट

@दोन_डोसे_जास्त वायपरचं वाचून बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले "असं होत नसतंय". बघू. @उगाच_भटकणारा तुमचं पटतंय हो, पण आईला समुद्र बघायचाय आणि बाबांना स्टिअरिंग धरायचंय, असा मामला आहे.

मुलाला बूस्टर लागेल का तिथे? आणि सकाळचा स्लॉट स्वस्त दिसतोय, घेऊ का?

कडीपत्ता_वेगळा

बूस्टर लागतो, आठ वर्षांखालच्यांना कॅलिफोर्नियात मागच्या सीटवर बूस्टर किंवा कार सीट हवीच, तुमचाच घेऊन जा, तिथला मिळेलच याची खात्री नाही. त्या छोट्या सीटवर तो नीट बसतो का हे पण आधी विचारा, आमचा रुंद होता तर पट्ट्याचं बकल त्याच्याखाली दबून गेलं आणि पंधरा मिनिटं सगळा ग्रुप आमच्याकडे बघत उभा.

सकाळचा स्लॉट जूनमध्ये अजिबात नको. मे-जूनमध्ये समुद्रावरून जो ढग येऊन बसतो त्याला इथे जून ग्लूम म्हणतात, कधी दुपारपर्यंत हटत नाही. सोलेदादवर जाऊन तुम्हाला फक्त पांढरं दिसेल. स्वस्त आहे ते त्यामुळेच. दुपारी तीननंतरचा घ्या. आणि गाड्यांना नीट दारं नसतात, आईंना शाल आणि कानाला रुमाल, जून आहे म्हणून फसू नका.

खाडीपलीकडे

वरच्याला दुजोरा. एक राहिलं, ला होया शोअर्सच्या पुढे समुद्रात लांबलचक धक्का दिसतो तो स्क्रिप्स ओशनोग्राफीचा, समुद्राचा अभ्यास करणारी 1903 ची संस्था. हवेतला कार्बन डायऑक्साइड 1958 पासून मोजून जो चढत जाणारा ग्राफ काढला तो करणारे कीलिंग इथलेच. इलेक्ट्रिक गाडीत बसून तो धक्का बघताना हे आठवलं तर बरं. आणि थोडं अवांतर, आपले नारळीकर ज्यांच्याबरोबर विश्वाबद्दलच्या क्वासी स्टेडी स्टेट सिद्धांतावर काम करत होते ते जेफ्री बर्बिज इथल्याच युनिव्हर्सिटीत होते. गाइड हे सांगणार नाही, तुम्हीच मुलाला सांगा.

चहाबिस्कीट

जाऊन आलो, सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहिते.

साडेतीनचा स्लॉट घेतला. एकपर्यंत ढग होता, आम्ही तोंडं पाडून डबा खात होतो, मग कोणी चादर ओढून घ्यावी तसा गेला. लायसनचं आधी ईमेलवर लिहून घेतलं होतं त्यामुळे काउंटरवर काही झालं नाही (थँक्यू डोसेवाले). बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, चारी टायर बुटाने ठोकून बघितले, तिथला मुलगा बघतच राहिला. मग आत बसून पहिला प्रश्न, "ह्याला गिअर कुठाय?"

पहिल्या वळणाला वायपर. दुसऱ्या वळणाला वायपर. तिसऱ्याला इंडिकेटर लागला आणि बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू आम्हीच काहीतरी बोललो होतो.

पार्किंगमध्ये दहा मिनिटं गोल फिरवून घेतलं आणि गाइडने मान हलवली तेव्हाच रस्त्यावर निघालो. मी शेजारी बसून "उजवीकडून, उजवीकडून" एवढंच बोलत होते. चौकात वळताना एकदा ते डाव्या लेनकडे जायला लागले, मी ओरडले, त्यांनी शांतपणे सरळ केली. तेवढा एक क्षण सोडला तर उत्तम. पण खरं सांगायचं तर शेजारी इथे चालवणारं कोणी नसेल तर मी देणार नाही, गाडी कितीही छोटी असो.

@उगाच_भटकणारा तुमचं एक शंभर टक्के खरं निघालं, चालवणाऱ्याला समुद्र दिसत नाही. बाबांना विचारलं काय बघितलं तर म्हणाले रस्ता चांगला आहे. पण आईने बघितला. मागच्या सीटवर नातवाला धरून, डोक्याला घट्ट रुमाल, आणि विंडनसी बीचच्या तिथे ती झावळ्यांची खोप दिसली तर "अगं हे तर आपल्या गुहागरसारखं" म्हणून थांबवायलाच लावलं. टूरमध्ये तो थांबा नव्हता. गाइड चांगला होता, थांबला. कोव्हला मात्र आई गाडीतून उतरलीच नाही, वास. मुलगा उतरला आणि अर्धा तास सी लायनसारखा ओरडला, अजून ओरडतोय.

सोलेदादवरून उतरताना बाबांनी पाय काढला आणि गाडी आपोआप धरली गेली तेव्हा पहिल्यांदा ते खूश झाले. "आं, ही उताराला स्वतःच आवरती की." मग वॉकीटॉकी हातात घेऊन गाइडला मराठीतच विचारलं की बॅटरी किती किलोमीटर जाते. तो बिचारा "से अगेन प्लीज" करत राहिला, मी भाषांतर करेपर्यंत खाली पोचलो होतो.

पैसे वसूल झाले का? नवरा म्हणतो नाही, एवढ्यात चौघांचं जेवण झालं असतं. टिप धरून जरा जास्तच झालं हे मला पण मान्य. बाबांनी मात्र घरी आल्यावर सांगलीला फोन लावला डेपोतल्या मित्राला, आणि चाळीसच्या वर जात नाही हे सोडून सगळं सांगितलं.

बूस्टर बसला, बकल दबलं नाही. डिपॉझिट अजून सुटलेलं नाही.

दोन_डोसे_जास्त

आठवडा थांबा. नाहीतर बाबांना फोन लावायला सांगा, मराठीतून.