विंडोजवरून उबंटूवर: ऑफिसातल्यांना आधी काय शिकवावं?

प्रश्न | नोंदवही

विभागातल्या आठ संगणकांवर आता विंडोजऐवजी उबंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली आहे. काम म्हणजे पत्रं, तक्ते, पीडीएफ आणि नेटवर्क प्रिंटर. सगळ्यांचा विंडोजवर हात बसलेला आहे, पण अडतं भलत्याच ठिकाणी. मराठी नावांच्या काही जुन्या फायली कॉपीच होत नाहीत. पेनड्राइव्हवरच्या फायली उडवल्या तरी तो भरलेलाच दिसतो. दोन पानांचं पत्र उघडलं की तीन पानं होतात. शिकवायला रोज अर्धा तास मिळतो. सुरुवात टर्मिनलपासून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीपासून) करावी का?

उत्तर | कप्पा

टर्मिनल पहिले दोन आठवडे बाजूलाच ठेवा. फायलींपासून सुरू करा, तुमच्या तीनपैकी दोन अडचणी तिथल्याच आहेत.

कॉपी न होणाऱ्या फायलींची नावं मोजून पाहा. उबंटू ज्या एक्स्ट४ पद्धतीने डिस्क वापरतं तिथे नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. साध्या इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘क्षेत्रीय’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण आत नऊ चिन्हं आहेत, म्हणजे २७ बाइट. निव्वळ मराठी नाव ८५ चिन्हांत संपतं. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत मात्र २५५ चिन्हं बसतात, म्हणून तिथे ‘अमुक बैठकीचा इतिवृत्तान्त अंतिम सुधारित’ असली आणि याहूनही कितीतरी लांबलचक नावं वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली. नाव विंडोजवर असतानाच छोटं करा, मग आणा.

पेनड्राइव्हचं कारण वेगळं आहे. डिलीट दाबल्यावर फाइल त्याच पेनड्राइव्हवरच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाते. कंट्रोल+एच दाबलं की ते दिसेल, नावाची सुरुवात टिंब आणि ‘ट्रॅश’ अशी असते. पेनड्राइव्ह लावलेला असतानाच कचरापेटी रिकामी करा, तरच जागा सुटते. शिफ्ट+डिलीटने फाइल थेट जाते, पण मग परत मिळत नाही. नवख्यांना हे उशिरा सांगितलेलं बरं.

आणि कॉपीची पट्टी पूर्ण झाली म्हणजे लिहून झालं असं समजू नका. बराचसा मजकूर काही वेळ संगणकाच्या मेमरीतच असतो. ‘फाइल्स’ या अ‍ॅपच्या डाव्या रकान्यात पेनड्राइव्हच्या नावाशेजारी इजेक्टचं चिन्ह आहे, ते दाबून ‘आता काढा’ असा निरोप येईपर्यंत थांबायचं. नाहीतर दुसऱ्या संगणकावर शून्य बाइटची फाइल निघते.

उत्तर | समास

पत्राचं पान वाढतं ते फॉन्टमुळे. मूळ फाइल कॅलिब्री किंवा कॅम्ब्रियात असेल आणि तो फॉन्ट उबंटूवर नसेल, तर लिबरऑफिस (उबंटूवरचं वर्ड-एक्सेलसारखं सॉफ्टवेअर) दुसरा घेतं. अक्षरांची रुंदी बदलली की ओळी सरकतात. कॅलिब्रीसाठी कार्लिटो आणि कॅम्ब्रियासाठी कॅलेडिया हे फॉन्ट टाका. दोन्ही नेमक्या त्याच रुंदीचे बेतलेले आहेत, त्यामुळे पानं बहुतेक जागेवर येतात.

मराठी मजकुराला हा उपाय लागू नाही. मंगल किंवा निर्मला या विंडोजच्या देवनागरी फॉन्टना तसा जोडीदार नाही. सगळ्या आठ संगणकांवर एकच देवनागरी फॉन्ट ठरवा (नोटो सान्स देवनागरी चांगला आहे) आणि नमुना-पत्रं त्यात एकदा नव्याने बसवून घ्या. लिबरऑफिसच्या पर्यायांत भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करायचं विसरू नका. तिथे देवनागरीचा फॉन्ट आणि आकार इंग्रजीपेक्षा वेगळे ठेवलेले असतात. स्टाइलमध्ये फक्त पाश्चात्त्य फॉन्ट बदलला तर मराठी मजकूर तसाच राहतो, आणि लोकांना वाटतं बदल झालाच नाही.

बाहेर जाणारं पत्र पीडीएफ करूनच पाठवावं. यावर माझं मत ठाम आहे.

उत्तर | दोनपाती

कप्पा यांनी नावांच्या लांबीबद्दल लिहिलं, त्यात दोन गोष्टी जोडतो. उबंटूवर लहान आणि कॅपिटल अक्षरं वेगळी धरली जातात, म्हणून इंग्रजी नावात एका अक्षराचा फरक असलेल्या दोन फायली एकाच फोल्डरमध्ये सुखाने नांदतात. त्या पेनड्राइव्हवर नेल्या की एक दुसरीला पुसू पाहते. दुसरं, उबंटू नावात अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह चालवून घेतं, विंडोजला ते चालत नाहीत. वेळ लिहायची तर १०-३० लिहा, १०:३० नको.

प्रिंटरही तपासा. उबंटू टाकताना प्रदेश अमेरिकेचा राहिला तर कागद लेटर धरला जातो, २१६ × २७९ मिमी. ट्रेमध्ये ए४ असतो, २१० × २९७. मग भरलेला ट्रे असूनही प्रिंटर ‘कागद घाला’ म्हणत अडून बसतो, आणि लोक तीच प्रिंट पाच वेळा देतात. आधी रांगेतली कामं रद्द करा, मग प्रिंटरच्या पर्यायांत ए४ निवडा, आणि सेटिंग्जमधला प्रदेशही बदला.

नोंदवही

आभार. क्रम कळला. मराठी टायपिंगचं काय? काहींना इनस्क्रिप्टची (ठरावीक देवनागरी कळफलकाची) सवय आहे, काही इंग्रजी स्पेलिंगवरून लिहितात.

समास

आयबस-एम१७एन हे टायपिंगचं पॅकेज टाका, एकदा लॉगआउट होऊन परत आत या. नंतर सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस. तिथे मराठी दिसली नाही तर तीन ठिपक्यांवर क्लिक करून शोधा. इनस्क्रिप्टवाल्यांना इनस्क्रिप्ट २, बाकीच्यांना आयट्रान्स किंवा फोनेटिक. सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली कळ, सुपर+स्पेसने भाषा बदलते.

जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमधल्या फायली उघडल्यावर विचित्र रोमन अक्षरं दिसतील. तिथे वरचा कुठलाही उपाय चालत नाही, कारण आत मुळात देवनागरी नसतेच, रोमन अक्षरंच असतात, आणि तो फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीसारखी चित्रं देतो. त्या फॉन्टचा परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागेल, आणि नंतर रफार, जोडाक्षरं आणि आकडे मूळ कागदाशी ताडून पाहावे लागतील.