टॅरो: पान बोलतं की आपण?

सड्यावरची (देवगड)

मे महिन्यात चाकरमानी आले की गावात नवा वाद येतोच. यंदाचा टॅरोचा, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचा. आमच्या वाडीतल्या एका मुलीने मुंबईत कोर्स केला आणि घरच्या पडवीत 'रीडिंग' सुरू केलं. अर्धी वाडी तिच्याकडे जाते, अर्धी नावं ठेवते. काही जण दोन्ही करतात.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे भांडायला सोपं. पत्त्यांना उद्याचं काही कळत नाही. पण म्हणून ते फुकट जात नाहीत. माणसाला मनात अडलेली गोष्ट बोलायला त्या चित्रांत जागा मिळते. त्यांची किंमत तेवढीच, आणि मला ती कमी वाटत नाही.

'हजारो वर्षांची इजिप्शियन विद्या' हे प्रकरण आधी निकालात काढू. टॅरो हा पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निघालेला पत्त्यांचा डाव. मिलानच्या ड्यूक घराण्यासाठी हाताने रंगवलेले संच आजही जपून ठेवलेले आहेत. फ्रान्समध्ये हा डाव लोक अजून खेळतात, हुकूम मारून, हात करून. इजिप्तची कथा १७८१ मध्ये कूर द जेबलां नावाच्या फ्रेंच पंडिताने छापली, तेव्हा इजिप्तची चित्रलिपी जगात कुणाला वाचताही येत नव्हती. मग एतेया या नावाने लिहिणाऱ्या एका फ्रेंच गृहस्थाने त्यावर भविष्य सांगायची रीत बसवली. आज सगळीकडे दिसतो तो संच १९०९ चा, लंडनचा. योजना आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. एकूण ७८ पानं. त्यांत २२ मोठी: मूर्ख, जादूगार, मृत्यू, मनोरा, चंद्र वगैरे. उरलेली ५६ छोटी: छड्या, पेले, तलवारी, नाणी.

जुन्या बहुतेक संचांत छोट्या पानांवर नुसते पाच पेले, सात तलवारी असायच्या. पामेलाबाईंनी तिथे प्रसंग काढले. माझ्या मते मनाचा सगळा खेळ तिथून सुरू होतो.

पेल्यांची पंजी घ्या. काळा झगा पांघरलेला माणूस मान खाली घालून उभा. समोर तीन पेले कलंडलेले. पाठीमागे दोन उभेच आहेत, पण त्याचं लक्ष नाही. पलीकडे नदी, तिच्यावर पूल. अर्थ सांगणारे सांगतात: दुःखात बुडालास, उरलंय तेही बघ. हे पान त्या मुलीने एका बागायतदारापुढे ठेवलं, तेव्हा मी तिथेच बसले होते. यंदा त्याचा मोहोर गळालेला. मला वाटलं, आता पूल दाखवेल. त्याने बराच वेळ पान बघितलं आणि विचारलं, "हे मागचे दोन पेले कोणाचे? भावाचे?" वाटणीचा विषय त्या घरात इतक्या वर्षांनी निघाला तो असा.

बोला आता.

तर्कट (रत्नागिरी)

ताई, गोष्ट झकास. पण गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे.

१९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझ्या स्वभावाचं वर्णन' म्हणून कागद दिला. कितपत जुळतं त्याला पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी आली ४.२६. सगळ्यांच्या कागदावर एकच मजकूर होता, ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. "तुम्ही बाहेरून खंबीर दिसता, पण आतून अस्वस्थ असता." कोण नसतो?

आपल्याकडचं बघा. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ज्योतिषांना आव्हान दिलं. २७ जणांनी प्रत्येकी ४० कुंडल्या पाहून हुशार मुलं कोणती आणि मतिमंद कोणती ते सांगायचं होतं. बरोबर आली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर याहून बरं झालं असतं. ही चाचणी टॅरोची नव्हती, ठाऊक आहे. टॅरोवाल्यांनी अशा चाचणीला बसावं, मी हॉल मिळवून देतो.

आणि भावाचा विषय कॅलेंडरवरच्या चित्रावरूनही निघाला असता. मग फी कशाची?

पेल्यांची राणी (मालवण)

कॅलेंडरवरच्या चित्रावर बोलायला कोणी रिक्षा करून येत नाही हो!

मी रीडिंग करते, पैसे घेते, लपवत नाही. माझ्याकडे येणारी बाई घरी "बाजारात जाऊन येतंय" सांगून निघालेली असते. तिला समुपदेशकाकडे जा म्हटलं तर "मी काय खुळी आहे?" म्हणते. पत्त्यांकडे यायला तिला लाज वाटत नाही. कारण बोलायचं असतं पत्त्यातल्या बाईबद्दल, स्वतःबद्दल नाही.

तलवारींची अठ्ठी बघा. बाईच्या डोळ्यांवर पट्टी, अंगाभोवती बंध, भोवती आठ तलवारी रोवलेल्या. पायाखाली ओहोटीनंतर साचतं तसं पाणी. नीट बघितलं तर बंध सैल आहेत आणि पुढची वाट मोकळी आहे. हे मी सांगत नाही. गप्प बसते. थोड्या वेळाने बाई आपणच म्हणते, "हिचे पाय कुठे बांधलेत?" यात फोररचा कागद कुठे आला? मी तर काहीच वर्णन केलं नाही.

आता आध्यात्मिक बाजू. मृत्यूचं तेरावं पान निघालं की लोकांचा चेहरा उतरतो. पांढऱ्या घोड्यावर सांगाडा, घोड्याखाली पडलेला राजा, समोर हात जोडून उभा धर्मगुरू, तोंड फिरवलेली तरुणी. त्याच्याकडे न घाबरता बघतंय ते फक्त एक लहान मूल. पाठीमागे दोन मनोऱ्यांमध्ये सूर्य. याचा अर्थ मरण नव्हे. एक पर्व संपलं, धरून बसू नकोस. शून्य क्रमांकाच्या मूर्खापासून एकविसाव्या 'जगा'पर्यंतची २२ पानं म्हणजे जिवाचा प्रवास, असं मी मानते. रोज पहाटे एक पान काढून त्याच्यासमोर बसते. आणि नेमकं तेच पान तेव्हाच यावं, याला मानसशास्त्रज्ञ युंगने 'सिंक्रोनिसिटी', म्हणजे अर्थ असलेला मेळ, म्हटलंय. तुम्ही योगायोग म्हणा.

गजालीकार

ह्या सगळा वाचलंय. माका एकच कळणा नाय, आमच्याकडे देवाचो कौल असताना ह्या परदेशी पत्त्यांचो खटाटोप कित्याक?

(आता सगळ्यांना कळेल असं लिहितो.) आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख कुठल्या पंचांगात नसते, कौल घेऊन ठरते. आचऱ्याची गावपळण रामेश्वराच्या कौलाशिवाय होत नाही. कौल झाला की तीन दिवस तीन रात्री अख्खा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर. गुरव देवाच्या अंगावर ओले तांदूळ नाहीतर फुलाच्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, उजवी पडली की होकार. ना कोर्स, ना इन्स्टाग्राम.

सड्यावरची (देवगड)

गजालीकारभाऊ, बरं झालं विषय काढलात. फरक मला असा दिसतो: कौल उघड्यावर होतो. मानकरी असतात, गाव असतो, प्रश्न सगळ्यांच्या कानावर जातो. "माझ्या धाकट्या भावाला घरात घेऊ का" हे देवळात चारचौघांत विचारायला आधी तो प्रश्न स्वतःला धड मांडावा लागतो. निम्मं काम तिथेच होतं. उत्तर डावं आलं तर पुढच्या वेळी पुन्हा विचारायचं, नाहीतर गाऱ्हाण्याचे शब्द बदलायचे, हेही आपण सगळे करतो. नाही म्हणू नका!

पण कौल हो किंवा नाही सांगतो. "मला नक्की काय होतंय" याला त्याच्यात जागा नाही. तिथे चित्र लागतं.

तांडेल

एवढे जाणकार जमलात तर कोणीतरी पान काढून पाऊस कधी लागणार तेवढं सांगा. १ जूनपासून मासेमारीला बंदी आहेच, पण होडी शाकारायला माणसं मिळत नाहीयेत.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून दोन्ही बाजूंना टोचेन.

राणीताई, युंगने सिंक्रोनिसिटीवर १९५२ मध्ये लिहिलं, यी-चिंग या चिनी शकुनग्रंथाच्या भाषांतराला प्रस्तावनाही दिली. टॅरोवर मात्र त्याने जवळजवळ काही लिहिलेलं नाही. 'युंग आणि टॅरो' ही जोडी नंतरच्या लोकांनी जमवली.

तर्कटभाऊ, चित्र दाखवून माणसाला बोलतं करणं ही मानसशास्त्रातलीच रीत आहे. रोरशाकचे शाईचे डाग १९२१ चे. हार्वर्डमध्ये मरे आणि मॉर्गन यांनी १९३५ मध्ये चित्रांची चाचणी मांडली: संदिग्ध प्रसंगाचं चित्र द्यायचं आणि "आधी काय झालं, पुढे काय होईल, गोष्ट सांग" म्हणायचं. सड्यावरच्या ताईंचा बागायतदार नेमकं हेच करत होता. या चाचण्यांवर विश्वासार्हतेचे आक्षेप आहेत, तो वेगळा धागा होईल.

पण माझी खरी तक्रार पुढची आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या शहराचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर एक बाई माझ्याकडे आल्या. तळमजल्यावरचं दुकान गेलेलं. कोणीतरी ऑनलाइन रीडिंगमध्ये त्यांना मनोऱ्याचं सोळावं पान काढून दिलं: वीज पडलेला बुरूज, वरचा मुकुट उडालेला, खिडक्यांतून ज्वाळा, दोन माणसं डोक्यावर खाली कोसळताहेत. वर सांगितलं, "अजून एक मोठा धक्का यायचाय." पाऊस वाढला की त्या रात्रभर जिन्यात बसून राहायच्या, पिशवी भरून. पुस्तकात या पानाचा अर्थ 'खोट्या पायावरचं कोसळतं, सत्य उघडं पडतं' असा छान दिलेला असेल. पण जिच्या घरात खरंच पाणी शिरलंय तिच्यापुढे ते रूपक राहत नाही. मी समोरच्याची अवस्था बघून चित्र बाजूला ठेवते. पिसलेल्या गड्डीला ते कळत नाही, आणि गड्डी हातात असलेल्याला शिकवलेलं नसतं.

पेल्यांची राणी (मालवण)

हे वाचून अंगावर काटा आला. मी आजारपण, मरण आणि कोर्टकचेऱ्या यांवर पान काढत नाही. पण सगळे असं पाळत नाहीत, हे खरं आहे.

मोती तलाव (सावंतवाडी)

पत्त्यांचा विषय आणि गंजिफेचं नावही नाही? गोल पानं, लाखेचं काम, दशावतारी संचात दहा रंग आणि प्रत्येकी बारा, म्हणून १२० पानं. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. चितारी हाताने रंगवतात, राजवाड्यात आजही बघायला मिळतं. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह... प्रतीकांची काही कमी आहे का? तरी आमच्याकडे कोणी नरसिंहाचं पान काढून "तुमच्या आयुष्यात खांब फुटणार आहे" असं सांगितलं नाही. लोक डाव खेळले, उठले, जेवले.

टॅरोही असाच डाव होता. त्याला सुमारे साडेतीनशे वर्षांनी एक जेबलां भेटला. गंजिफेला अजून भेटलेला नाही, हे तिचं नशीब.

पेल्यांची राणी (मालवण)

भेटला तर बिघडलं काय? शेंदूर लावला की दगडाचा देव होतो, ते चालतं. माणसं अर्थ ओततात म्हणून तर वस्तू जिवंत होतात. टॅरो मुळात खेळ होता म्हणून आज साधना होऊ शकत नाही, हा कुठला न्याय?

माळकरी

साधना हा शब्द आला म्हणून लिहितो. लोक पत्त्यांना विचारतात काय? माझं लग्न, माझी नोकरी, माझा व्हिसा, 'तो' परत येईल का. सगळं 'माझं'. आमच्याकडे अध्यात्म म्हणजे हे 'माझं' सैल करणं. पहाटे एक पान घेऊन बसता ते ठीक, त्याला मी चिंतन म्हणेन. दुपारी गिऱ्हाइकाला "तो तुमचाच विचार करतोय" सांगणं, याला काय म्हणायचं?

तर्कट (रत्नागिरी)

माळकरीबुवांशी आयुष्यात पहिल्यांदा सहमत.

मुद्दा पैशाचा आणि भीतीचा आहे. पान काढलं, वाईट निघालं, मग उपाय. अमुक खड्याचं ब्रेसलेट, तमुक मेणबत्ती, 'ऑरा', म्हणजे अंगाभोवतीचं वलय, साफ करायची वेगळी फी. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्याकडे आहे, त्यासाठी डॉ. दाभोलकरांचा जीव गेला. पडवीतलं साधं रीडिंग त्या कायद्यात बसत नाही, हे मी जाणतो आणि तसा आरोपही करत नाही. पण भीती दाखवून उपाय विकणं, हा रस्ता कुठे जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे. सड्यावरच्या ताई म्हणतात तसं 'बोलायला जागा' एवढंच असेल, तर राणीताई, तुमच्या पाटीवर काय लिहिलंय तेवढं सांगा.

पेल्यांची राणी (मालवण)

'टॅरो रीडिंग. प्रेम, करिअर, भविष्य.' ब्रेसलेट विकत नाही.

सड्यावरची (देवगड)

मग तर्कटभाऊंचा हा मुद्दा मला मान्य करावा लागेल. पाटीवरचा तिसरा शब्द माझ्या सगळ्या युक्तिवादाच्या आड येतो. माणूस भविष्य ऐकायच्या तयारीने बसला, की चित्रात स्वतः काही शोधत नाही, समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. माझा बागायतदार शोधू शकला, कारण ती पोर नवीन होती आणि तिला त्या पानाचा अर्थ आठवेना!

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

हेच तर सांगत होते.

तर्कट (रत्नागिरी)

राणीताई, 'भविष्य' पुसा. 'चित्रं बघा, बोला' एवढं लिहा. पहिलं गिऱ्हाईक मी. रत्नागिरीहून मालवणला येतो, फी देतो, पान काढतो.

पेल्यांची राणी (मालवण)

तुम्ही याल. बाजाराचं निमित्त करून निघणारी बाई 'चित्रं बघा, बोला' वाचून पायरी चढणार नाही, पुढच्या गल्लीत ब्रेसलेटवाल्याकडे जाईल. तो शब्द पुसला तर ती माझ्याकडे यायची कशी, हे आधी सांगा.