ज्वारी-हरभरा आलटून पालटून घेऊनही हरभरा वाळतो, बेवड कुठे चुकतोय?

शिवार_मोहोळ
जमीन मध्यम काळी, खोली सव्वादोन-अडीच फूट, सामू (पीएच) ८.२, चुनखडी आहे. खरिपात रान मोकळं, रब्बीत एक वर्ष मालदांडी ज्वारी, एक वर्ष हरभरा. सहा वर्षं हाच क्रम. तरी हरभऱ्यात जागोजागी झाडं वाळतात आणि पुढच्या ज्वारीला बेवडाचा, म्हणजे आधीच्या पिकानं रानात मागे ठेवलेल्या कसाचा, जोर दिसत नाही. जिवाणू खताची पाकिटं वाढवावीत की पीकच बदलावं?

काळी_कसदार
पाकिटं नंतर. आधी वाळलेलं झाड कुदळीनं मुळासकट काढा आणि बुडाशी खोड उभं चिरा. आत तपकिरी-काळी रेघ आणि मुळं वरून धड असतील तर ती मर. ही बुरशी हरभरा नसतानाही जमिनीत सहा वर्षांपर्यंत तग धरते. एक वर्ष ज्वारी घेऊन तिला काही फरक पडत नाही. तिच्यावर उपाय म्हणजे विजय, दिग्विजय असं मरीला दाद न देणारं वाण.

सोटमूळ काडीसारखं कटकन मोडत असेल, बारीक मुळं झडली असतील आणि सालीखाली मोहरीपेक्षाही बारीक काळे ठिपके दिसत असतील, तर ती कोरडी मूळकूज. तुमच्याकडे हीच असावी असा माझा अंदाज आहे, कारण ज्वारीत खडखड्या (ताट बुडाशी पोकळ होऊन कोलमडणं) आणणारी बुरशीही हीच. म्हणजे तुमची फेरपालट तिच्या हिशेबी फेरपालटच नाही, दोन्ही वर्षं तिचं जेवण चालू. उडीद, मूग, करडईही ती सोडत नाही, त्यामुळे नुसतं पीक बदलून ती जाणार नाही. फुलोऱ्यापासून पुढे पाण्याचा ताण पडला की ती उसळते. ज्वारीला तीन, पाच आणि आठ आठवड्यांनी कोळपणी, शेवटची दातेरी कोळप्यानं म्हणजे भेगा बुजतात. जमलं तर पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधी, एक पाणी. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी) एकरी २ किलो, १०० किलो कुजलेल्या ओलसर शेणखतात मिसळून आठवडाभर सावलीत झाकून ठेवायचं आणि मगच रानात टाकायचं. कोरड्या मातीवर भुकटी उधळणं म्हणजे पैसे वाऱ्यावर.

मुळाखाली
वरचं बरोबर, पण बेवड न दिसण्याचं कारण मला मोकळ्या खरिपात दिसतं. ज्वारी आणि हरभरा दोघांच्याही मुळांत मायकोरायझा बुरशी राहते आणि स्फुरद, जस्त आणून देते. तुमच्यासारख्या चुनखडीच्या जमिनीत हे दोन्ही अडकून बसतात, म्हणून तिची गरज जास्त. तिला जिवंत मूळ लागतं. फेब्रुवारी-मार्चला काढणी झाली की सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत सात-आठ महिने ती उपाशी. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या काळ्या जमिनीत वर्षभराहून लांब पडीक ठेवल्यावर पुढचं पीक खुरटतं, त्याचं मूळ यातच सापडलं. आपली पडीक तेवढी लांब नाही, फटकाही तेवढा नाही, पण दिशा तीच.

जूनअखेर-जुलैच्या सुरुवातीला उडीद किंवा मूग पेरा. ६५ ते ७० दिवसांत रान मोकळं होतं. शेंगा तोडून पाला जागीच गाडा, मग ज्वारी.

कोरडवाहू_गडी
खोली दोन फुटांच्या आत असेल तर हे करू नका. उडीद वरची ओल पितो आणि हस्ताचा पाऊस हुकला तर ज्वारी हुरड्याआधीच मान टाकते. तुमची खोली काठावर बसते. १५ जुलैपर्यंत पेरणीजोगा पाऊस नसेल तर त्या वर्षी सोडून द्या. आणि ज्वारीची धसकटं पेरणीच्या तोंडावर गाडू नका. ती कुजवायला जिवाणू जमिनीतलंच नत्र उचलतात, रोप पिवळं पडतं. उन्हाळ्यातच मोडून टाका.

शिवार_मोहोळ
झाड चिरून पाहिलं, मूळ कटकन मोडतंय आणि काळे ठिपके आहेत. उडदाचं रायझोबियम (मुळांच्या गाठीत नत्र बांधणारं जिवाणू खत) उरलं तर तेच हरभऱ्याला चालेल का?

मुळाखाली
नाही. उडीद, मूग, तूर एका गटात, हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, सोयाबीनचा तिसराच. पाकिटावर पीक आणि मुदत वाचा. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, म्हणजे एकरी ३० किलोला तीन पाकिटं. लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळा आणि पूर्ण थंड करा. गरम द्रावणात जिवाणू मरतात, घाई इथेच नडते. बियाणं ओलसर होईल एवढंच द्रावण घेऊन हलक्या हातानं चोळा, गोणपाटावर सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचं तर ते आधी, रायझोबियम सगळ्यात शेवटी.

पेरणीवेळी एकरी ५० किलो डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) पुरे. वरून युरिया दिला की मुळांवर गाठी कमी धरतात. ४० दिवसांनी चार-पाच झाडं खणून बादलीत धुवा आणि गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल म्हणजे नत्र बांधणं चालू, पांढरी किंवा हिरवट म्हणजे नुसती शोभेची. घाटे भरताना पाहू नका, तेव्हा गाठी आपोआप विरतात.

काळी_कसदार
आणि काढणीला हरभरा उपटू नका, विळ्यानं कापा. दाण्याबरोबर बरंचसं नत्र तसंही घरी जातं. मुळंही बांधावर नेली तर ज्वारीसाठी उरतं काय?