काशीत चार मुक्काम, सोबत गुडघेदुखी असलेल्या सासूबाई: घाटाजवळ, अस्सीला की कँटोन्मेंटला? मदत हवी आहे

तापीकाठ

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही काशीला निघालोय. मी, नवरा, सासूबाई (वय ७४) आणि त्यांच्या नणंद, म्हणजे आमच्या आत्याबाई (वय ७०). जळगावहून रेल्वेनं येऊन वाराणसी जंक्शनला भल्या पहाटे उतरू. चार रात्री राहायचं आहे. तिकिटं हातात आहेत, पण हॉटेल कुठल्या भागात घ्यावं हे काही केल्या ठरत नाहीये.

सासूबाईंचे दोन्ही गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर हळूहळू, मधे टेकत टेकत अर्धा किलोमीटर चालतात. पायऱ्यांना मात्र हात धरावा लागतो आणि एक मजला चढला की दहा मिनिटं बसावं लागतं. आत्याबाई ठणठणीत आहेत, त्यांची काळजी नाही.

सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. दोघांनी काशीचं अनेकदा ठरवलं होतं, पण कधी शेतीचं काम आलं, कधी आजारपण, आणि राहूनच गेलं. म्हणून ही यात्रा त्यांच्या मनासारखी व्हावी असं मला फार वाटतं. त्यांनी स्वतःहून तीनच गोष्टी सांगितल्यात: विश्वनाथाचं दर्शन, सासऱ्यांचं तीर्थश्राद्ध, आणि रोज सकाळी उठल्यावर गंगा दिसली पाहिजे. शेवटच्या मागणीमुळेच मी अडले आहे.

दशाश्वमेध घाटामागच्या गल्लीत बरेच गेस्टहाऊस दिसतात. नकाशावर मंदिर आणि घाट दोन्ही हाकेच्या अंतरावर. अस्सी घाट मोकळा आणि शांत म्हणतात, पण तिथून मंदिर लांब पडतं. नात्यातल्या एकांनी कँटोन्मेंटचं मोठं हॉटेल सुचवलं, लिफ्ट आहे, गाडी दारात येते. पण तिथे राहून गंगा दिसणार कशी?

वयस्कर माणसांना घेऊन राहून आलेल्यांनी कृपया सांगा. नुसतं कुठलं हॉटेल छान आहे एवढं नको, त्या भागात राहिल्यावर दिवस कसा जातो ते हवंय.

पायवाट

कँटोन्मेंट किंवा नदेसर. लिफ्ट, गरम पाणी, स्वच्छ खोल्या, स्टेशन जवळ. घाटाला टॅक्सीनं जाऊन यायचं. जुन्या गल्ल्यांमधून वृद्धांना चालवत नेण्यात काही अर्थ नाही.

लंकेवरून

ताई, मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं बनारस हिंदू विद्यापीठाजवळ, लंका भागात राहतोय. पाहुण्यांच्या खोल्या बघायला जाणं हे ठरलेलंच असतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी नकाशा बाजूला ठेवा. काशीत हॉटेल घाटापासून किती मीटरवर आहे याला फारसा अर्थ नाही. गाडी कुठपर्यंत येते, तिथून किती चालायचं आणि त्यात किती पायऱ्या आहेत, हे विचारायचं. शहर उंच काठावर वसलंय, घाट खाली. गल्लीतलं घर नदीपासून शंभर मीटरवर असलं तरी त्या शंभर मीटरमध्ये उतार, दगडी पायऱ्या, गाई, मोटरसायकली सगळं येतं.

दशाश्वमेध भागात यायचं ते गोदौलिया चौकातून. दिवसा चारचाकी गाड्या चौकाच्या अलीकडेच अडवतात. सणावाराला ही नाकेबंदी आणखी मागे सरकते, मग ऑटो आणि ई-रिक्षाही लांबच थांबतात. चौकातून घाटापर्यंत पाच-सातशे मीटर गर्दीतून चालणं आलं. गल्लीतली जुनी घरं सुंदर असतात, पण त्यांचे जिने अरुंद आणि उभे, लिफ्ट बसवायला जागाच नसते. गंगा दिसणाऱ्या खोल्या बहुतेक सर्वांत वरच्या मजल्यावर. सासूबाई एकदा वर चढल्या की दिवसभर खाली उतरणार नाहीत.

पायवाट यांचं स्टेशन आणि लिफ्टबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. पण कँटोन्मेंटपासून गोदौलिया चार-पाच किलोमीटर, संध्याकाळी त्याला पाऊण तासही लागतो, आणि टॅक्सी शेवटी त्याच नाक्यावर सोडते. म्हणजे चालणं वाचत नाहीच, वर दोन्ही वेळचा प्रवास वाढतो. एका रात्रीपुरतं किंवा सारनाथ बघून निघणाऱ्यांना तो भाग बरा. यात्रेसाठी आलेल्या माणसाला तिथे काशीत आल्यासारखं वाटत नाही, हे पाहुण्यांच्या तोंडून मी पुष्कळदा ऐकलंय.

माझं मत अस्सी आणि भदैनी. गोदौलियाहून मदनपुरा, सोनारपुरा, शिवाला, भदैनी असा एकच रस्ता अस्सीला येतो. भदैनी-अस्सी टप्प्यात रस्त्यालगत लिफ्टची हॉटेलं मिळतात आणि रिक्षा दारापर्यंत येते. अस्सी घाटावर वरच्या अंगाला मोठी सपाट जागा आहे. रिक्षानं जवळ उतरायचं, थोडं चालायचं, समोर गंगा. पहाटे तिथे ‘सुबह-ए-बनारस’ असतं: आरती, मंत्रपठण, शास्त्रीय संगीत, मग योगासनं. २०१४ पासून हा कार्यक्रम चालतो. शाल गुंडाळून सासूबाई तिथे सूर्योदयापर्यंत बसू शकतील. खोलीच्या खिडकीतून दिसणाऱ्या गंगेपेक्षा मला तरी हे जास्त मोलाचं वाटतं.

दुर्गाकुंड, तुलसी मानस मंदिर, संकटमोचन आणि विद्यापीठातलं नवं विश्वनाथ मंदिर ही सगळी ठिकाणं याच बाजूला आहेत. भदैनीत राणी लक्ष्मीबाईंच्या जन्मस्थानाचं स्मारकही आहे, मराठी माणसानं आवर्जून जावं असं.

शेवंती

मला वेगळं सांगायचंय. वडील ७८ वर्षांचे, काठी घेऊन चालणारे. आम्ही गोदौलिया-दशाश्वमेध रस्त्याला लागूनच्या हॉटेलात उतरलो होतो. गल्लीत नाही, रस्त्यावर, आणि खोली मागून पहिल्या मजल्यावर घेतली. मंगला आरतीची तिकिटं मंदिर न्यासाच्या संकेतस्थळावरून काढली होती. ती आरती रात्री तीनच्या सुमाराला असते. त्या वेळी रस्ते मोकळे असतात. आम्ही चालत गेलो, बाबा त्यांच्या वेगानं चालले, कुणी ढकललं नाही. दर्शन करून आलो आणि ते दुपारपर्यंत झोपले. अस्सीहून इतक्या रात्री त्यांना रिक्षात बसवून नेणं मला जमलं नसतं.

म्हाताऱ्या माणसांना दिवसातून दोनदा खोलीवर येऊन पाठ टेकता येणं फार गरजेचं असतं. दर्शन मुख्य असेल तर मंदिराजवळ राहण्याचा विचार सोडू नका. मात्र अडचण सांगते: रात्री उशिरापर्यंत गोंगाट असतो, आणि सामान हमालाकडून आणावं लागलं.

लंकेवरून

शेवंती ताई, रस्त्यालगतच्या हॉटेलाबद्दल मान्य. गल्ली आणि रस्ता यांत मोठा फरक आहे, तो मी वर नीट लिहायला हवा होता. तुमचे वडील चालू शकत होते म्हणून तो भाग जमला. इथे अर्धा किलोमीटर ही मर्यादा आहे, आणि मंदिराच्या आवारातही चालणं आहेच.

एक गोष्ट सगळ्यांसाठी. १३ डिसेंबर २०२१ ला विश्वनाथ धामाचं, म्हणजे मंदिराभोवतीच्या नव्या आवाराचं, लोकार्पण झालं, तेव्हापासून ललिता घाटाकडूनही मंदिरात जाता येतं. नावेतून थेट देवाच्या दारात, असं नावाडी सांगतात. पण घाटावरून वर येताना पायऱ्यांची मोठी रांग चढावी लागते. सासूबाईंना त्या बाजूनं नेऊ नका. मैदागिन-गोदौलिया रस्त्याकडून ४ नंबरच्या दारानं जा. ‘सुगम दर्शन’ तिकीट काढलं तर रांगेत उभं राहणं कमी होतं. व्हीलचेअरची चौकशी न्यासाच्या मदत कक्षाकडे आधी करा. सोमवार टाळा. मोबाइल आत नेता येत नाही, तो खोलीवरच ठेवलेला बरा.

आत गेल्यावर धामातल्या अहिल्याबाईंच्या पुतळ्यापाशी सासूबाईंना जरूर थांबवा. आज आपण ज्या मंदिरात दर्शन घेतो ते त्यांनीच १७८० मध्ये बांधून घेतलं.

तापीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल चार ठिकाणी फोन केले. पायऱ्यांचा प्रश्न आधी विचारल्यामुळे चित्रच बदललं. एका ठिकाणी ‘गंगा व्ह्यू’ खोली म्हणजे गच्चीवरून दिसणारी गंगा, गच्ची चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दुसऱ्या ठिकाणी लिफ्ट आहे, पण ती पहिल्या मजल्यापासून सुरू होते! भदैनीत एक साधं हॉटेल सापडलंय. रिक्षा दारात, लिफ्ट तळमजल्यापासून, गंगा दिसत नाही.

हरिश्चंद्र घाटाजवळचं एक हॉटेल नदीसमोर आणि लिफ्टचंही आहे. ते कसं वाटतं? आणि दोन रात्री अस्सीला, दोन मंदिराजवळ असं केलं तर?

रानवाट

हरिश्चंद्र घाटावर चिता जळतात, मणिकर्णिकेसारख्याच. खिडकीतून धूर आणि दृश्य दोन्ही येतं. काहींना त्यात काशीचं सार दिसतं, पण ज्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले त्यांना आधी विचारल्याशिवाय अशी खोली घेऊ नये. त्यांनी हो म्हटलं तर प्रश्नच नाही.

मुक्काम अजिबात बदलू नका. चार रात्रींत सामान बांधणं, सोडणं, नवं न्हाणीघर, नवा पलंग यातच म्हाताऱ्या माणसांची शक्ती जाते. एकच ठिकाण आणि दोन रिक्षाफेऱ्या जास्त, हेच बरं. न्हाणीघराचाही फोटो मागवा. कमोड, धरायला कठडा, उंबऱ्याची उंची. गुडघे दुखणाऱ्याला खोलीपेक्षा हे महत्त्वाचं.

दर्भ

श्राद्धाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. काशीच्या पंचतीर्थांत अस्सी, दशाश्वमेध, मणिकर्णिका, पंचगंगा आणि आदिकेशव येतात. म्हणजे अस्सीलाच राहिलात तर तीर्थश्राद्धासाठी दुसरीकडे जायची गरज नाही. तुमचे यजमान मुलगा म्हणून विधी करतील, सासूबाई वरच्या सपाट जागेत खुर्चीवर बसून सगळं पाहू शकतील.

मराठी गुरुजी हवे असतील तर पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या बाजूला आपली जुनी घराणी आहेत. गावाकडच्या तुमच्या उपाध्यांना विचारा, त्यांच्या ओळखीत नक्की कुणीतरी निघेल. ते अस्सीला येतील का, साहित्य कुणी आणायचं, दक्षिणा किती, हे सगळं फोनवरच ठरवा. घाटावर समोर येऊन उभ्या राहणाऱ्याशी तिथल्या तिथे ठरवायला जाऊ नका. त्रिपिंडी करायची असेल तर ती पिशाचमोचन कुंडावर होते, ते शहराच्या आत आहे.

तो पंचगंगेचा भाग मराठी माणसाला आपला वाटतो, पण तुम्ही तिथे राहू नका. काशीतल्या सर्वांत उंच पायऱ्यांपैकी काही तिथेच आहेत.

लंकेवरून

दर्भ यांनी मोठाच प्रश्न सोडवला. गंगेच्या पाण्याला हात लावायचा असेल तर आणखी एक जागा सुचवतो: राजघाटाजवळचा नमो घाट. तिथे उतरायला रॅम्प आहे आणि गाडी बरीच जवळ जाते. नवा असल्यामुळे जुन्या घाटांचं रूप त्याला नाही, पण सासूबाई स्वतःच्या पायांनी पाण्यापर्यंत जाऊ शकतील.

दशाश्वमेधची संध्याकाळची आरती अस्सीहून नाव करून पाहता येते, पण नावेत चढताना फळी हलते. आत्याबाईंना आणि तुम्हाला पाठवून सासूबाईंनी अस्सीचीच आरती बघावी. ती लहान असते, पण जवळून, बसून आणि शांतपणे बघता येते.

तापीकाठ

रात्री सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. हरिश्चंद्र घाटाचं विचारल्यावर त्या थोडा वेळ थांबून म्हणाल्या, “नको गं, सकाळी सकाळी नको.” अस्सीचं ऐकून मात्र त्यांनी दोनदा विचारलं, तिथे खरंच खुर्ची मिळेल का. श्राद्ध तिथेच होऊ शकतं हे कळल्यावर तर त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं.

भदैनीचं हॉटेल घेतेय, चारही रात्री. दर्शन मंगळवारी, सुगम दर्शनाच्या तिकिटावर, सकाळी लवकर. नमो घाट आणि सारनाथ एका दिवशी.

आता एकच शंका उरली. गाडी पहाटे पोचते आणि हॉटेलात प्रवेश दुपारी बाराला. तोवर या दोघींना कुठे बसवू?

शेवंती

आदल्या रात्रीपासूनच खोली घ्या. पाच रात्रींचे पैसे जातील, पण पहाटेच्या थंडीत त्या स्टेशनवर ताटकळणार नाहीत. गाडीचा क्रमांक हॉटेलला कळवून ‘पहाटे येतोय, खोली दुसऱ्याला देऊ नका’ असं लेखी घ्या, निदान व्हॉट्सअॅपवर तरी. निघायच्या आधी परत फोन करा. स्टेशनबाहेर कुणी रिक्षावाला ‘ते हॉटेल बंद झालंय, दुसरं दाखवतो’ म्हणाला तर त्याच्या समोरच हॉटेलला फोन लावा.

लंकेवरून

आणि महिनाअखेरीकडे सरकू नका. डिसेंबरच्या शेवटी इथे दाट धुकं पडतं, गाड्या तासन् तास उशिरा येतात. दुसरा आठवडा चांगला आहे, मलइयोही (दुधाच्या फेसाची इथली थंडीतली मिठाई) तेव्हा मिळते. गरम कपडे मात्र पहाटेच्या हिशोबानं आणा: कानटोपी, मोजे आणि घाटावर खाली अंथरायला एक जाड चादर.